उस्तादांची फुंक

आमच्या घरात मटण शिजत नसे, म्हणून मटणाची तपासणी माझ्याकडे आली. यामागचा तर्क नेमणूक करणाऱ्या साहेबांनी मला स्वतः समजावून सांगितला होता. खाणारा माणूस नेमला तर तो येता-जाता पाव शेर कलेजी घरी नेईल. न खाणारा निःपक्षपाती राहील. याच तर्काने न शिकलेल्या माणसांना शिक्षणाच्या समित्यांवर नेमत असावेत, असं माझ्या मनात आलं. पण मी सांगलीकडून जयपूरला येऊन वर्षही झालं नव्हतं आणि बनी पार्कात दोन खोल्यांचं बिऱ्हाड नुकतंच मांडलं होतं. मी नेमणुकीच्या कागदावर सही केली.

मी जंतुशास्त्राचा डॉक्टर. म्हणजे रोग्यांपेक्षा नळ्या आणि काचपट्ट्या जास्त पाहिलेला. एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी आणि आठवड्यातून दोन सकाळी शहराच्या कडेच्या कत्तलखान्यात हजेरी, असं माझं काम ठरलं. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. संस्थान जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण दरबार काही गेला नव्हता. तो निरनिराळ्या समित्यांत वाटला गेला होता, इतकंच.

कत्तलखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. वरच्या वाशांना लोखंडी आकडे, खाली दगडी फरशी, मधोमध एक पन्हळ आणि कोपऱ्यात एक नळ. नळाला पाणी कधी येई, कधी नाही. काम पहाटे सुरू होई आणि सातच्या आत संपे, कारण त्यानंतर जयपूरचं ऊन मांस टिकू देत नसे.

पहिल्याच दिवशी मी जे पाहिलं ते मला माहीत नव्हतं, आणि माझ्या पुस्तकांनाही नव्हतं. बोकड कापून, आकड्याला उलटा टांगून रक्त निथळलं की त्याच्या मागच्या पायाला, घोट्यापाशी, सुरीनं एक बारीक चीर द्यायची. तिच्यातून एक सळई आत सारून वाट करायची. मग त्या चिरेला ओठ लावून फुंकायचं. एक माणूस गाल फुगवून फुंकतोय आणि मेलेलं जनावर हळूहळू फुगतंय, असं ते दृश्य. कातडं आतून मांसापासून सुटत जाई. वरून चार बुक्क्या मारल्या की अंगातला सदरा काढावा तसं ते उतरे. सुरी कमी लागली की कातड्याला भोक पडत नाही, आणि भोक नसलेल्या कातड्याला व्यापारी नाक मुरडत नाही. मांसही भरलेलं, गुटगुटीत दिसतं. दोन्ही हात गुंतलेले असताना सुरी कुठं ठेवायची? दातांत.

मी बाहेर येऊन उलटी केली. ती मी शाकाहारी म्हणून केली. जंतुशास्त्रज्ञ म्हणून करायला हवी होती, पण ते मला काही महिन्यांनी सुचलं.

आत गेलो तेव्हा फुंकणारा माणूस तोंड पुसत माझ्याकडे बघत होता. पन्नाशीचा, अंगानं शिडशिडीत, पण छाती रुंद आणि गाल पिशवीसारखे सैल. त्याला सगळे ‘उस्ताद’ म्हणत. इतरांना एका बोकडाला तीन-तीन फुंका लागत. उस्तादांना एक पुरे. नव्या माणसांना फुंकायला तेच शिकवत. ओठ घट्ट, घसा मोकळा, जोर पोटातून.

“क्यों पंडितजी,” ते म्हणाले, “बाहर हवा अच्छी है?”

शेडमध्ये हशा पिकला. तेव्हापासून मी तिथं कायमचा पंडितजी झालो.

उस्तादांशी माझं जमलं. त्यांना बोलायला आवडे आणि मला हिंदी सुधारायची होती. घरी माझी मुलगी शाळेतून येऊन ‘मतलब’ म्हटल्याशिवाय मराठी वाक्य सुरू करेनाशी झाली होती. माझी हिंदी मात्र सांगलीच्या पलीकडे सरकत नव्हती. उस्ताद माझ्या प्रत्येक चुकीवर मान डोलावत, जणू चुकीलाही काही सूर असतो.

त्यांना ताप येत असे, हे मला थंडीच्या दिवसांत कळलं. दुपार कलली की अंग तापायचं, रात्री घामानं खाट भिजायची, कंबर धरायची. पंधरा दिवस हे चाललं की आठ-दहा दिवस काहीच नाही. मग पुन्हा सुरू. दवाखान्यानं हिवतापाच्या गोळ्या दिल्या होत्या. गुण येईना, तेव्हा दुसऱ्या दवाखान्यानं क्षयाचा संशय घेतला होता. उस्तादांना स्वतःला यात विशेष काही वाटत नव्हतं. शेडमध्ये हा ताप जवळजवळ सगळ्यांना येऊन गेला होता. त्याला नाव होतं, ‘शेड का बुखार’. नव्या माणसाला तो पहिल्यांदा आला की बाकीचे त्याला गूळ-चणे खायला घालत आणि म्हणत, अब पक्का हुआ. मी स्वतः एकदा ते गूळ-चणे खाल्ले आहेत.

घरी येऊन पुस्तक उघडलं. लाटांसारखा चढणारा-उतरणारा ताप, घाम, कंबरदुखी. शेळ्या-मेंढ्यांच्या सहवासातून येणारा. माल्टा ताप. जंतूचं नाव ब्रुसेला. गाभण शेळी गाभ टाकते ती बहुधा यानंच, आणि असली गाभ टाकलेली, कामातून गेलेली शेळीच तर कत्तलखान्यात येते. तिच्या कातड्याखाली रोज सकाळी तोंड लावून श्वास सोडायचा, पुढचा श्वास घ्यायला तोंड तिथंच ठेवायचं, आणि मधल्या वेळात रक्ताची सुरी दातांत धरायची. एखाद्या जंतूला माणसात शिरायचा मार्ग आखायला सांगितला असता तर त्याला याहून चांगला सुचला नसता.

मी सगळ्यांचं रक्त तपासायला मागितलं. उस्तादांनी बाही वर केली, आणि मग थांबले.

“ये काग़ज़ पर जाएगा?”

“जाईल,” मी म्हणालो. “म्हणजे, जाएगा. आपके भले के लिए.”

“काग़ज़ पर आज तक भला तो नहीं आया,” ते म्हणाले. पण हात पुढे केला. उस्तादांनी दिलं म्हणून बाकीच्यांनीही दिलं.

उस्ताद धरून सहा जणांच्या रक्तात ब्रुसेलाच्या खुणा निघाल्या. उस्तादांच्या रक्तातून तर मी जंतूच वाढवले. तीन आठवडे काचेच्या बाटलीकडे बघत बसलो आणि शेवटी ते दिसले, तेव्हा मला आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण झाला. घरी जाताना मी मिठाई घेतली.

मग मी अहवाल लिहिला. बारा पानी. इतकं चांगलं इंग्रजी मी त्याआधी आणि नंतर कधी लिहिलं नाही. फुंकण्यासाठी हातपंप द्यावेत, दर दोन माणसांमागे एक, सुऱ्या उकळायची सोय, साबण, नळाला पाणी, आजाऱ्यांना औषध आणि बरं होईपर्यंत पगारी रजा. शेवटी परिशिष्ट जोडलं. त्यात सहा नावं होती, वडिलांच्या नावासकट. अहवालात पुरावा असावा लागतो, असं मला शिकवलेलं होतं.

कत्तलखाना ज्या समितीकडे होता तिचे अध्यक्ष म्हणजे एकेकाळी दरबारात उभं राहायचा मान असलेले गृहस्थ. आता ते बसून असत. माझा अहवाल त्यांनी तळहातावर तोलला आणि म्हणाले, “डॉक्टर साहब, आपने शहर को बचा लिया.”

मी म्हणालो की शहराला विशेष धोका नाही. मांस शिजतं, शिजलं की जंतू मरतात. धोका आहे तो त्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना.

“बिलकुल, बिलकुल,” अध्यक्ष म्हणाले, आणि लेखनिकाला ठराव सांगू लागले. नागरिकांच्या आरोग्याच्या हितार्थ, दूषित रक्त असलेल्या सहा इसमांना तंदुरुस्तीचा दाखला आणेपर्यंत कामावरून दूर करावं. तसंच एक हातपंप खरेदी करावा.

मी पुन्हा उठून बोललो. बोललो ते इतिवृत्तात आलं: ‘डॉक्टरांनी समाधान व्यक्त केलं.’

पंपाचं उद्घाटन झालं. मंडप शेडपासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला घातला होता. अध्यक्ष शाकाहारी होते, त्यांना बोकडाजवळ नेणं शक्य नव्हतं. म्हणून टेबलावर एक फुटबॉलचा ब्लॅडर ठेवला. पंपाला कुंकू लावलं, हार घातला. अध्यक्षांनी चार वेळा दांडा दाबला, ब्लॅडर फुगला, टाळ्या झाल्या. विज्ञानाच्या युगावर वीस मिनिटं भाषण झालं. ते संपेस्तोवर ब्लॅडर निम्मा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून पंप कपाटात गेला. कपाटाची चावी कत्तलखान्याच्या निरीक्षकांकडे. निरीक्षक नऊला येत. काम सातला संपे.

हे मी लेखी कळवलं. उत्तर आलं की सरकारी वस्तू कुलपात ठेवणं आवश्यक आहे.

शेडमध्ये सहा नवी माणसं आली. उस्तादांसारखं कुणाला येत नव्हतं. तीन-तीन, चार-चार फुंका लागायच्या. म्हणजे तोंडही तितका जास्त वेळ चिरेला. दोन महिन्यांत एकाला गूळ-चणे मिळाले.

उस्तादांना मी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं मिळवून दिली. पण ती क्षयाच्या रोग्यांसाठी राखून ठेवलेली होती. कुणाकुणाला विनवून एक आठवड्याची मिळाली. निदान तीन आठवड्यांची हवी होती, आणि बरोबर दुसरं औषधही. ताप गेला आणि परत आला.

एका रविवारी उस्ताद आमच्या फाटकाशी उभे होते. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. मी त्यांना आत बसवलं. बायकोनं चहा दिला, कपबशीतच दिला. ते गेल्यावर ती कपबशी तिनं वेगळ्या फडताळात ठेवली. तो ताप कपबशीतून येत नाही हे मला माहीत होतं, आणि ती कशामुळे वेगळी ठेवली जातेय हेही. 

“पंडितजी,” उस्ताद म्हणाले, “एक काग़ज़ ले गया, एक काग़ज़ ले आएगा. लिख दीजिए कि ठीक हूँ.”

“पण तुम्ही ठीक नाही आहात. खोटा दाखला मी कसा देऊ?”

“झूठा कैसे? सामने खड़ा हूँ.” आणि ते खरंच उठून उभे राहिले. उठताना खुर्चीचा हात धरावा लागला.

“रक्तात जंतू आहेत, उस्ताद.”

“आपने डाले?”

“नाही.”

“पहले से थे?”

“पहिल्यापासून असणार. दोन-चार वर्षं तरी.”

“तो उन दिनों मैं काम करता था ना?” ते म्हणाले. “कीड़े भी थे, मैं भी था, रोटी भी थी. आपने कीड़े देख लिए, रोटी गई.”

मी म्हणालो, त्या जागी परत गेलात तर आजार वाढेल. पंप वापरायला मिळाला तर गोष्ट वेगळी.

उस्ताद पहिल्यांदाच थोडे चिडले. “शहनाईवाले को भी पंप दोगे?”

मी दाखला दिला नाही. मला तेव्हा वाटलं, आणि पुष्कळ दिवस वाटत राहिलं, की मी काहीतरी राखलं. उस्ताद सलाम करून गेले. फाटक लावून घ्यायला विसरले नाहीत.

बायको खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, “तुमचं खरं तुम्हाला परवडतं. त्यामागे पगार आहे.”

“मग काय खोटं लिहू?”

“मी कुठं म्हणते? मी कपबशी ठेवत होते.”

पुढच्या पावसाळ्याअखेर मला ताप आला. दुपारी अंग तापायचं, रात्री घाम, कंबर अशी धरायची की पायात बूट घालवेना. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःचं रक्त स्वतः तपासलं. नळीच्या तळाशी ब्रुसेलाची खूण असलेले गोळे बसलेले दिसले, अगदी पुस्तकातल्यासारखे.

कत्तलखान्यात मी कशालाही हात लावत नसे, मग हे आलं कुठून? उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. प्रयोगशाळेत जंतूंचं पाणी एका नळीतून दुसऱ्या नळीत घालायचं तर आम्ही बारीक काचेची पिपेट तोंडात धरून ओढत असू. सगळेच ओढत. मी विद्यार्थ्यांना शिकवतही असे: ओठ घट्ट, श्वास सावकाश, नजर रेघेवर. वर कापसाचा बोळा असे. कधी तो ओला होऊन जिभेला खारट लागे, की आम्ही चूळ भरत असू आणि हसत असू. नव्या मुलाला असं पहिल्यांदा झालं की त्याला चहा पाजायची पद्धत होती.

आणि त्या वर्षी आमच्याकडे जिवंत ब्रुसेला एकाच माणसाच्या रक्तातले होते. मी वाढवलेले. ज्यांच्यासाठी मिठाई घेतली होती ते.

विभागप्रमुख घरी आले. खऱ्या कारणासकट लिहिलेला माझा रजेचा कागद वाचून त्यांनी चष्मा काढला. ते सज्जन होते. अजूनही मी तसंच म्हणेन.

“हे असं लिहिलं तर चौकशी लागेल,” ते म्हणाले. “प्रयोगशाळा बंद ठेवतील. तुमच्यावर निष्काळजीपणाचा आरोप, माझ्यावर देखरेख नसल्याचा. तुम्हाला तर ते तंदुरुस्तीचा दाखला आणा म्हणून घरी बसवतील. आपण इन्फ्लुएन्झा लिहू.”

“तीन महिन्यांचा इन्फ्लुएन्झा?”

“लागोपाठ तीन लिहू.”

त्यांनी लिहिलं.  मी कागद घेतला, त्याची नीट घडी केली, आणि तो रजेच्या अर्जाला जोडला. बायको दारात उभी होती. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

माझी रजा मंजूर झाली, पगारासकट. स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, कारण मागणारे आमचे विभागप्रमुख होते. दुसऱ्या औषधाच्या कॅप्सूल मेहुण्यानं पुण्याहून पार्सलनं पाठवल्या. अध्यक्षांनी संत्र्यांची करंडी धाडली, वर कागदी फुलं. तीन महिन्यांनी मी बूट घालू लागलो.

प्रयोगशाळेत परतलो त्या पहिल्या दिवशी मी पिपेटला रबराचा फुगा लावून बघितला. सावकाश काम होई. हात थरथरला की रेघ चुके. दुपारपर्यंत मी पुन्हा तोंडानं ओढत होतो. एवढ्या नळ्या वेळेत व्हायला हव्या होत्या.

त्याच आठवड्यात मी दाखला लिहिला. सहाही जणांचे लिहिणार होतो. एकाचा पत्ता लागला नाही, दोघे गाव सोडून गेले होते, दोघे गल्लीतल्या खाजगी दुकानांत तेच काम करत होते, जिथं कुणी रक्त तपासत नाही. त्यांना दाखला नको होता. उरले उस्ताद. ‘सदर इसमास तपासले असता कोणताही सांसर्गिक आजार आढळला नाही.’ हिंदीत लिहिला, सही केली, शिक्का मारला. 

ते झोटवाड्याकडे भाचीच्या घरी राहायला गेल्याचं कळलं होतं. एका सकाळी सायकलनं गेलो. तेव्हा तिकडे वस्ती तुरळक होती. मधे मधे रेती, मग दोन कारखान्यांच्या भिंती, मग एका रांगेत खोल्या. उस्ताद अंगणात खाटेवर होते. माझ्याकडे बघायला त्यांना सगळं अंग वळवावं लागलं. कमरेचे मणके एकमेकांना धरून बसले होते. उभे राहत ते काटकोनात, काठीवर. खाटेच्या पायाला एक शेळी बांधलेली होती.

“पंडितजी! दुबले हो गए.”

“ताप आला होता,” मी म्हणालो.

“कौनसा?”

मी खरं ते सांगितलं.  त्यांनी भाचीला हाक मारली. “गुड़-चना ला. पंडितजी पक्के हो गए.”

 मी दाखला काढून त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो परत माझ्याच हातात दिला आणि वाचायला सांगितलं. मी वाचला.

“एक बार और.”

मी पुन्हा वाचला.

“सुना?” ते भाचीला म्हणाले. “सरकारी मोहर के साथ. मैं बिलकुल ठीक हूँ.” त्यांच्या आवाजात टोमणा होता का, हे मी तेव्हाही शोधलं आणि अजून शोधतो. कागदाची घडी करून त्यांनी तो उशीखाली सारला. ठेवताना वाकायची गरज पडली नाही, ते वाकलेलेच होते.

शेडमध्ये आता कसं चाललंय, असं त्यांनी विचारलं. चाललंय, मी म्हणालो. पंप? कपाटात. हार तसाच आहे, सुकलेला. त्यांनी मान हलवली. आकड्याला टांगलेल्या बोकडाच्या पायाशी तोंड न्यायला माणसाला ताठ उभं राहावं लागतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. 

भाचीनं गूळ-चणे आणले, मागोमाग चहा आणला. कपबश्या शेजारून मागून आणल्या असाव्यात. दोन्ही वेगवेगळ्या फुलांच्या होत्या. शेळीच्या दुधाचा दाट चहा. उस्तादांनी आपला चहा बशीत ओतला. वर लगेच साय धरली. बशी तोंडाशी नेऊन त्यांनी एकच फुंक मारली, सावकाश, पोटातून. साय कुठंही न फाटता बशीच्या काठाला सरकली आणि तिथं गोळा होऊन राहिली.